थकलेलं हृदय आणि वजनाचा उपदेश

हार्ट फेल्युअरचं निदान झालेल्या लठ्ठ माणसाला वजनाबद्दल दोन गोष्टी ऐकायला मिळतात, आणि त्या एकमेकींशी भांडतात. तपासणीच्या टेबलाशी त्याला सांगितलं जातं, ‘वजन कमी करा.’ घरी येऊन तो आजाराबद्दल वाचायला लागला की त्याला दिसतं, या आजारात जाड रुग्ण बारीक रुग्णांपेक्षा जास्त जगतात म्हणे! पहिल्या वाक्यानं त्याच्या हाती काही लागत नाही, कारण किती, कसं आणि कुणाच्या मदतीनं हे कुणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्या वाक्यानं त्याला हवी असलेली सबब मिळते. खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही मिळते.

माझं म्हणणं असं आहे की हार्ट फेल्युअरच्या एका मोठ्या गटात जादा वजन हा आजाराचाच एक भाग आहे. तेव्हा रक्तदाब किंवा साखर जशी मोजून, औषध लिहून, पुढच्या भेटीत पुन्हा तपासून हाताळली जाते तसंच वजनही हाताळलं गेलं पाहिजे, आणि त्याचा खर्चही तसाच उचलला गेला पाहिजे. दुसऱ्या गटात आज एवढं ठामपणे बोलता येत नाही. तिथे हात आखडता घेतलेला बरा. सरसकट ‘वजन उतरवा’ म्हणणारे आणि सरसकट ‘वजनाचं काही नसतं हो’ म्हणणारे, दोघेही हा फरक गिळून टाकतात.

आधी गट कोणते ते पाहू. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, आणि हार्ट अटॅकही नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं हृदयाला जमत नाही, किंवा जमतं पण त्यासाठी आतला दाब फार वाढू द्यावा लागतो, ही ती अवस्था. हा दाब मागे फुप्फुसांपर्यंत चढतो. मग जिन्यावर धाप लागते, रात्री आडवं झालं की घुसमटतं, घोट्यांवर सूज येते. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडतं ते इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) मोजतात. हेच इजेक्शन फ्रॅक्शन. ते ४० टक्के किंवा त्याखाली असेल तर पंपाचा जोरच गेलेला असतो. ५० किंवा त्याच्या वर असेल तर जोर शाबूत असतो, पण भिंती ताठर झालेल्या असतात आणि रक्त भरून घेताना त्या नीट सैल होत नाहीत. मधले काही जण सीमेवर असतात. साधारण निम्मे रुग्ण या ताठर हृदयाच्या प्रकारातले. वजनाचा वाद खरा पेटायला हवा तो यांच्यासाठी.

वजन हृदयापर्यंत पोहोचतं कसं? जुनं उत्तर वळणावळणाचं होतं: वजनानं रक्तदाब वाढतो, मधुमेह होतो, त्यातून हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, एक दिवस अटॅक येतो आणि मग स्नायू निकामी होऊन हार्ट फेल्युअर. हे सगळं खरंच आहे. पण अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यासातून २००२ मध्ये जे बाहेर आलं त्यानं या उत्तराची अपुरी बाजू दाखवली. ५,८८१ माणसांवर सरासरी १४ वर्षं लक्ष ठेवलं गेलं होतं. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांसारख्या ठाऊक असलेल्या कारणांचा हिशेब वजा केल्यावरही बीएमआयच्या (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) प्रत्येक जादा अंकामागे हार्ट फेल्युअरचा धोका पुरुषांत ५ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ७ टक्क्यांनी वाढत होता. लठ्ठ गटात तो सामान्य वजनाच्या माणसांच्या दुप्पट होता. थोडक्यात, वळणं टाळून जाणारा एक थेट रस्ताही होता.

त्या रस्त्यावर काय काय आहे हे गेल्या वीसेक वर्षांत बरंच उलगडलं. शरीर मोठं झालं की रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, आणि हृदयाला दर मिनिटाला जास्त रक्त फिरवावं लागतं. वर्षानुवर्षं हा भार वाहून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यातून संप्रेरकं आणि दाह वाढवणारी द्रव्यं सतत रक्तात उतरतात, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. झोपेत श्वास अडकण्याचा विकार लठ्ठ माणसांत जास्त असतो, आणि त्यानं रात्रभर रक्तदाब व ऑक्सिजन वरखाली होत राहतात. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल फडफड, तीही वजनाबरोबर वाढते; आणि ताठर हृदयाला भरून घ्यायला आधीच वेळ कमी पडत असताना तालही गेला की रुग्ण झपाट्यानं कोलमडू शकतो.

यातला सगळ्यात विलक्षण भाग हृदयावर थेट बसलेल्या चरबीचा आहे. हृदयाच्या स्नायूवर, आवरणाच्या आत, थोडी चरबी सगळ्यांनाच असते. ती आणि स्नायू यांच्यामध्ये कसलाही पडदा नसतो. दोघांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही त्याच. ही चरबी वाढली आणि दाहक झाली की तिच्यातून पाझरणारं सगळं थेट स्नायूत जातं आणि तिथे तंतुमय ताठरपणा वाढतो. शिवाय हृदयाची बाहेरची पिशवी फारशी ताणली जात नाही. आत रक्त जास्त, हृदय मोठं, वरून चरबी. मग कप्प्यांना जागाच पुरत नाही आणि उजवा कप्पा फुगला की तो डाव्याला दाबतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लठ्ठ आणि लठ्ठ नसलेल्या ताठर हृदयाच्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा लठ्ठ रुग्णांत रक्तद्रवाचं प्रमाण, हृदयावरची चरबी आणि ही कोंडी तिन्ही जास्त दिसलं. अशा रुग्णाला ‘हृदयाचा आजार आहे आणि शिवाय वजनही जास्त आहे’ असं म्हणणं मला चुकीचं वाटतं. ‘शिवाय’ कसलं? त्याच्या आजाराचं अर्धं यंत्र वजनानं चालतंय.

तरीही या माणसाचं निदान सगळ्यात उशिरा होतं. धाप लागते म्हणून तो दवाखान्यात जातो आणि ऐकतो, ‘वजन एवढं आहे, धाप लागणारच.’ ऐकणाऱ्याला ते पटतं, कारण आयुष्यभर त्यानं हेच ऐकलेलं असतं. पुढच्या तपासण्याही त्याच्याविरुद्ध जातात. जाड छातीतून इकोचं चित्र धूसर येतं. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या द्रव्यांची पातळी लठ्ठ माणसांत कमी राहते. चरबीत त्यांचा निचरा होतो हे त्याचं एक कारण सांगतात. बाहेरून दाबल्या गेलेल्या भिंतींवर ताण कमी पडतो म्हणून ती स्रवतातच कमी, हे दुसरं. कारण कोणतंही असो, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं आणि रुग्ण घरी जातो. युरोपातल्या हार्ट फेल्युअर तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये सुचवलं की बीएमआय जसा वाढेल तशी या चाचणीची सीमारेषा २५ ते ४० टक्क्यांनी खाली आणावी. प्रयोगशाळेच्या छापील रिपोर्टवर मात्र सगळ्यांसाठी एकच आकडा असतो. तो बदलायला पैसे लागत नाहीत, निव्वळ इच्छा लागते.

याच संदर्भात एक गमतीशीर, म्हणजे खरं तर चीड आणणारी, गोष्ट आहे. मेयो क्लिनिकमधूनच २०१८ मध्ये ताठर हृदयाचा आजार असण्याची शक्यता मोजणारी एक गुणपद्धत आली. तिच्यात बीएमआय ३० च्या वर असेल तर २ गुण मिळतात, एट्रियल फिब्रिलेशनला ३, आणि वय, रक्तदाबाच्या गोळ्या वगैरेंना प्रत्येकी एक. म्हणजे ज्या वजनाकडे बोट दाखवून निदान टाळलं जातं, ते वजन त्याच निदानाच्या बाजूनं दोन गुणांचा साक्षीदार आहे. आणि दुसरीकडे, औषधांच्या काही मोठ्या चाचण्यांनी बीएमआय ४० किंवा ४५ च्या पलीकडच्यांना बाहेर ठेवलं होतं, कारण त्यांची धाप हृदयाची की वजनाची हे ठरवणं अवघड जाईल. संशोधनाची सोय म्हणून हे समजू शकतं. पण सगळ्यात जास्त त्रास असलेल्यांबद्दल सगळ्यात कमी पुरावा, अशी अवस्था त्यातूनच तयार झाली.

आता जाड रुग्ण जास्त जगतात म्हणे, या सुरुवातीच्या कोड्याकडे. २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठातून बाराशेहून जास्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे कमजोर पंपाचे, आजार बराच पुढे गेलेला. त्यात जाड रुग्णांचं जगणं बारीक रुग्णांपेक्षा वाईट नव्हतं. उलट थोडं चांगलंच दिसलं. नंतर असे अनेक अभ्यास आले आणि ‘लठ्ठपणाचं कोडं’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मग कुणी म्हणालं चरबी म्हणजे संकटकाळची शिदोरी, कुणी म्हणालं जाड माणसाचा रक्तदाब बरा असतो म्हणून त्याला औषधं पुऱ्या मात्रेत देता येतात. यात थोडं तथ्य असेलही. पण बराचसा भाग मोजमापाच्या गोंधळाचा होता.

गोंधळ असा. हार्ट फेल्युअर बळावलं की काही रुग्ण झिजायला लागतात. भूक जाते, आतड्याला सूज येऊन अन्न नीट शोषलं जात नाही, दाहामुळे स्नायू वितळतात. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं ही झीज म्हणजे मृत्यूची स्वतंत्र पूर्वसूचना असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे ‘बारीक’ या रकान्यात सडपातळ निरोगी प्रकृतीच्या माणसांबरोबर आजारानं खंगलेलेही भरले गेले. तो रकाना वाईट दिसणारच. त्याउलट ‘जाड’ रकान्यातली माणसं बरेचदा वयानं लहान होती, आणि वजनामुळे धाप लवकर लागल्यानं आजाराच्या अलीकडच्या टप्प्यावर दवाखान्यात आलेली होती. शिवाय बीएमआयला चरबी, स्नायू आणि पाणी यांतला फरक कळतच नाही. बेल्जियमचा केटले हा खगोल आणि आकडेशास्त्राचा माणूस. एकोणिसाव्या शतकात त्यानं हे गुणोत्तर मांडलं ते लोकसमूहाची ‘सरासरी’ शोधायला, एखाद्या सुजलेल्या रुग्णाची प्रकृती ठरवायला नव्हे.

२०२३ मध्ये ग्लासगोच्या जॉन मॅकमरे यांच्या गटानं पॅराडाइम-एचएफ या मोठ्या औषधचाचणीतल्या ८,३९९ रुग्णांची माहिती पुन्हा तपासली. बीएमआय लावला तर कोडं दिसलं. रुग्णांमधले बाकीचे फरक हिशेबात धरल्यावर ते विरलं. बीएमआयऐवजी कमरेचा घेर भागिले उंची हे माप लावलं तेव्हा कोडं उरलंच नाही, आणि जास्त चरबीवाल्यांना हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात जास्त वेळा भरती व्हावं लागत होतं हे स्पष्ट दिसलं. माझ्या मते इथे हा वाद मिटायला हवा होता. एवढं मात्र लक्षात ठेवावं: चरबी संरक्षण देत नाही हे सिद्ध झालं म्हणून चरबी उतरवली की फायदा होतोच, हे आपोआप सिद्ध होत नाही. ते वेगळं दाखवावं लागतं.

दाखवायला अडचण होती ती वजनकाट्याचीच. या आजारात काटा म्हणजे व्यवहाराच्या नोंदी नसलेलं पासबुक आहे: शिल्लक तेवढी दिसते, जमा कुणी केलं, काढलं कुणी, पत्ता नाही. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं, लघवीची गोळी वाढवावी लागू शकते. दोन दिवसांत तीन किलो उतरलं तर तेही पाणीच, त्यात शाबासकी देण्यासारखं काही नाही. सहा महिन्यांत, काहीही न करता, पाच किलो उतरलं तर घाबरायला हवं, कारण ते बहुधा स्नायू आहेत. आणि पाणी चढत असताना स्नायू झिजत असतील तर काटा महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. तेव्हा रुग्ण म्हणतो ‘वजन स्थिर आहे’ आणि चेहरा बघितला तर गालफडं बसलेली. रुग्णाला रोज सकाळी वजन करायला सांगणारे आपण, त्याच काट्यावरचा कोणता किलो चांगला आणि कोणता वाईट हे त्याला क्वचितच समजावून सांगतो. म्हणून प्रत्येक भेटीत एक शिवणटेप वापरावी, कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का ते पाहावं, आणि मुठीची पकड किंवा खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का हेही नोंदवावं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेनं २०२२ पासून निम्म्या उंचीचा हा साधा निकष बीएमआय ३५ च्या खाली असलेल्या प्रौढांसाठी सुचवला आहे.

मग ठरवून चरबी उतरवली तर काय होतं? २०१६ मध्ये अमेरिकेत ताठर हृदयाच्या १०० वयस्क लठ्ठ रुग्णांवर २० आठवड्यांचा प्रयोग झाला. काहींना कमी उष्मांकाचा आहार, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. आहार आणि व्यायाम दोन्हींनी श्रम करण्याची क्षमता वाढली, आणि एकत्र केल्यावर परिणामांची बेरीज झाली. हा निष्कर्ष सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्या प्रयोगाचं स्वरूप. आहारगटाला जेवण तयार करून दिलं जात होतं. व्यायाम देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा होत होता. कुणीही त्यांना नुसतं ‘कमी खा, चालत जा’ असं म्हणून दार दाखवलं नव्हतं. त्याच प्रयोगात हेही दिसलं की उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा होता. म्हणजे देखरेख सोडून चालणार नाही.

त्यानंतर भूक आणि वजन उतरवणारी इंजेक्शनं आली. २०२३ च्या स्टेप-एचएफपेफ चाचणीत बीएमआय ३० च्या वर असलेले ताठर हृदयाचे ५२९ रुग्ण होते. वर्षभर दर आठवड्याला सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन १३.३ टक्क्यांनी उतरलं, खोटं औषध मिळालेल्यांचं २.६ टक्क्यांनी. रुग्णाला रोजच्या जगण्यात किती त्रास होतो याची १०० गुणांची प्रश्नावली असते. तिच्यात औषधगटाचे गुण १६.६ नी सुधारले, दुसऱ्या गटाचे ८.७ नी. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर औषधगटात २१.५ मीटरनं वाढलं, दुसऱ्यात जेमतेम एका मीटरनं. (खोट्या औषधावरही ८.७ गुण सुधारतात, याकडे जाता जाता लक्ष वेधतो. कुणीतरी नियमानं विचारपूस करतं याचाच तो परिणाम असावा.) पुढच्या वर्षी मधुमेह असलेल्या ६१६ रुग्णांवरही याच दिशेचे निकाल आले, वजन थोडं कमी उतरलं तरी. मग टिर्झेपॅटाइड या तशाच इंजेक्शनची समिट चाचणी: ७३१ रुग्ण, साधारण दोन वर्षांचा पाठपुरावा. हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं यांपैकी काहीतरी औषधगटात ९.९ टक्के रुग्णांना झालं, दुसऱ्या गटात १५.३ टक्क्यांना.

या आकड्यांपुढे लोटांगण घालायचं कारण नाही. समिटमधला फायदा सगळा आजार बळावण्याचं प्रमाण कमी झाल्यामुळे आहे. हृदयविकारानं झालेले मृत्यू औषधगटात ८ आणि दुसऱ्यात ५ होते. संख्या इतकी लहान की त्यातून कोणताच निष्कर्ष काढू नये, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. या औषधांनी आयुष्य वाढतं असं आज कुणी म्हणत असेल तर तो पुराव्याच्या पुढे धावतोय. पण धाप कमी होणं, चार पावलं जास्त चालता येणं, रुग्णालयाची वारी टळणं, याला कमी का लेखावं? ताठर हृदयाच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं एकामागून एक औषधं अपेशी ठरत होती. २०२१-२२ मध्ये एसजीएलटी-२ गटाच्या, म्हणजे मूळच्या मधुमेहासाठीच्या, गोळ्यांनी पहिल्यांदा भरवशाचा फरक दाखवला, आणि वजन कमी असो वा जास्त, त्या उपयोगी पडतात. त्या गोळ्या पाया आहेत. इंजेक्शन सुरू केलं म्हणून त्या बंद करणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. उलट लघवीच्या गोळीकडे मात्र बारीक लक्ष हवं, कारण वजन आणि भूक दोन्ही उतरत असताना जुनीच मात्रा चालू ठेवली तर रक्तदाब कोसळून माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

कमजोर पंपाच्या रुग्णांचं काय? इथे मी उत्साही मंडळींपासून वेगळा होतो. याच औषधकुळातलं लिराग्लुटाइड या गटावर दोनदा तपासलं गेलं. २०१६ च्या ‘फाइट’ चाचणीत नुकतेच रुग्णालयातून सुटलेले ३०० जण होते. त्यांना फायदा झाला नाही. ‘लाइव्ह’ चाचणीत २४१ जण होते. पंपाचा जोर वाढला नाही, नाडीचा वेग वाढला आणि हृदयाच्या गंभीर तक्रारी औषधगटात जास्त दिसल्या. ते औषध जुनं आहे, मात्रा वेगळी होती आणि चाचण्या लठ्ठपणासाठी योजलेल्या नव्हत्या, हे सगळं कबूल. तरी ताठर हृदयाचे निकाल दाखवून कमजोर पंपाच्या रुग्णाला तेच इंजेक्शन टोचणं आज समर्थनीय नाही. या गटाकडे जगणं वाढवणारी औषधं आहेत, ती पुऱ्या मात्रेत मिळतात का हे आधी पाहावं. खूप रुग्णांना मिळत नाहीत.

या गटातही वजनाचा प्रश्न एका जागी फार क्रूर होतो, तो हृदयप्रत्यारोपणाच्या दारात. हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर यादीत नाव घालण्यापूर्वी तो ३५ किंवा त्याखाली आणावा. नियमामागे कारण आहे: त्यापुढे प्रत्यारोपणानंतरचे निकाल वाईट येतात, आणि हृदयं मोजकी मिळतात. पण खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाताना ज्याला थांबावं लागतं, त्याला ‘आधी वजन उतरवा’ एवढंच सांगून पाठवणं म्हणजे नकार सभ्य भाषेत देणं आहे. काही केंद्रांत आता कृत्रिम पंप बसवून त्याच्या आधारावर जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया केली जाते, आणि त्यातून काही जण यादीत पोहोचलेही आहेत. धोका मोठा, अनुभव थोडा. माझा आग्रह इतकाच आहे की जो केंद्रप्रमुख ३५ ची अट घालतो, त्याच्याच केंद्रात ती पुरी करण्याची सोय असली पाहिजे. आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, औषध, गरज पडली तर शल्यचिकित्सक. अट आणि मदत एकाच छताखाली.

विरोधातले मुद्दे मला ठाऊक आहेत. पहिला नेहमीचा: खाण्यावर ताबा नसलेल्यांसाठी समाजानं महागडी औषधं का पुरवायची? अटॅक आलेल्या धूम्रपान करणाऱ्याला आपण अँजिओप्लास्टी नाकारत नाही, तिथे असा हिशेब आठवत नाही. वजनाच्या बाबतीतच नैतिकतेचा तराजू बाहेर येतो. दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: औषध थांबवलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइडच्या लठ्ठपणावरच्या पहिल्या मोठ्या चाचणीतल्या ज्या लोकांवर औषध थांबवल्यानंतर लक्ष ठेवलं गेलं, त्यांचं उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. याचा अर्थ औषध फसलं असा होत नाही. दीर्घ आजाराला दीर्घ उपचार लागतो एवढाच होतो, आणि कुणी हे औषध ‘सहा महिन्यांचा कोर्स’ म्हणून विकत असेल तर त्यापासून दूर राहावं. तिसरा मुद्दा स्नायूंचा, आणि तो मला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो. या औषधांनी उतरणाऱ्या वजनात २५ ते ४० टक्के वाटा चरबीखेरीजच्या वस्तुमानाचा असतो. पस्तिशीच्या माणसाला ते परवडेल. ताठर हृदयाचा सरासरी रुग्ण सत्तरीच्या आसपासचा. त्याचे मांडीचे स्नायू गेले तर धाप कमी होऊनही तो जिना चढू शकणार नाही. म्हणून पुरेशी प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा बेताचा व्यायाम यांच्याशिवाय हे औषध लिहिणं म्हणजे अर्धाच उपचार.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि खरा सार्वजनिक प्रश्न तोच आहे. अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः वयस्कांसाठीच्या सरकारी विमा योजनेत २००३ च्या कायद्यानं वजन उतरवणाऱ्या औषधांचा खर्च देण्यास मनाई होती. २०२४ मध्ये हृदयविकार असलेल्या लठ्ठ रुग्णांसाठी सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली, तेव्हा तेच औषध, तीच मात्रा, पण ‘हृदयासाठी’ असा शिक्का पडताच दार उघडलं. विमा कंपन्या आणि सरकारी योजना जगभर असंच वागतात: साखरेसाठी औषध म्हणजे उपचार, वजनासाठी तेच औषध म्हणजे हौस. २०२५ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानं यातून एक बरा मार्ग सुचवला. नुसता बीएमआय न पाहता चरबीनं एखाद्या अवयवाचं काम बिघडवलंय का ते पाहा. बिघडवलं असेल तर तो आजार, त्याच्यावर उपचार हवेत. हार्ट फेल्युअर हे त्याचं ठसठशीत उदाहरण. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं ही औषधं, मधुमेहाबरोबर हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी, अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. सेमाग्लुटाइडचं पेटंट २०२६ मध्ये अनेक देशांत संपतं, आणि किंमत उतरेल तसा ‘परवडत नाही’ हा युक्तिवाद झिजत जाईल.

तरीही सगळ्यांना एकदम देण्याइतका पैसा कोणत्याच व्यवस्थेकडे नसतो, तेव्हा रांग लावावी लागेल. ती बीएमआयच्या आकड्यावर लावू नये. ताठर हृदयाचं पक्कं निदान, कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून बराच जास्त, घरातल्या घरात वावरताना धाप, गेल्या वर्षभरात हार्ट फेल्युअरसाठी भरती झालेली, आणि एसजीएलटी-२ ची गोळी आधीच सुरू: असा रुग्ण रांगेत पहिला. बीएमआय त्याच्याहून मोठा पण जिना चढून येणारा माणूस नंतर. कमजोर पंपाच्या लठ्ठ रुग्णांसाठी पैसा औषधावर खर्च करण्याआधी त्यांच्यावरच्या नीट आखलेल्या, बीएमआय ४५ च्या वरच्यांनाही सामावणाऱ्या चाचणीवर खर्च व्हावा. आणि जो रुग्ण आपसूक बारीक होत चाललाय, त्याला या रांगेतून बाजूला काढून आधी त्याच्या ताटात काय पडतं आणि त्यातलं पोटात किती जातं ते विचारावं.